जुन्या गाडीचे दिवे : आधी पारख, मग खरेदी

आपल्या वस्तीतील कितीतरी मुले गॅरेजात हाताखाली राहून काम शिकतात. जुनी व्हिंटेज गाडी पुन्हा उभी करणे हे त्यांतले कसबाचे काम. त्यात दिव्यांपाशी खरी परीक्षा होते.

मुंबईच्या चोरबाजारात जुने हेडलाइट मिळतात. पण आकार जुळला म्हणजे दिवा जुळला, असे नाही. पहिली पारख व्होल्टची. जुन्या फोक्सवॅगन बीटल गाड्यांना ६ व्होल्टची बॅटरी असे. तेथे १२ व्होल्टचा बल्ब मिणमिणतो. उलट १२ व्होल्टच्या गाडीत ६ व्होल्टचा बल्ब उडतो. ३६ वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर ३ अँपिअर करंट लागतो, ६ व्होल्टवर ६ अँपिअर. म्हणून तेथे वायर जाड हवी आणि अर्थची जागा गंज घासून स्वच्छ केलेली हवी.

दुसरी पारख काचेची. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. उजवीकडून चालणाऱ्या देशातील काच बसवली, तर डिपरचा झोत समोरून येणाऱ्या सायकलवाल्याच्या डोळ्यांवर जाऊ शकतो.

तिसरी पारख मागच्या दिव्याची. त्यात बहुधा दोन तारांचा बल्ब असतो. मंद तार टेललाइटची, प्रखर तार ब्रेकची. उलटा बसू नये म्हणून त्याच्या पिना मुद्दाम वरखाली ठेवलेल्या असतात. बल्ब बसत नसेल तर जोर करू नये, फिरवून पाहावा.

गाडी मालकाच्या हाती देण्याआधी रात्री भिंतीसमोर उभी करून एकेक दिवा लावून पाहावा. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीवही या कामावर अवलंबून असतो.