मानवी विषाणूंचा वन्य प्राण्यांत प्रसार

पशूंपासून मानवास होणाऱ्या रोगांचा (उदा., अलर्क रोग) अभ्यास पूर्वीपासून होत आला आहे. याउलट मानवाकडून वन्य प्राण्यांकडे जाणाऱ्या विषाणूंकडे लक्ष बरेच उशिरा गेले. कोव्हिड-१९ चा विषाणू २०२१ मध्ये अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांत आढळला व त्यांच्यात आपापसांतही पसरला. मात्र हरणांना त्यामुळे गंभीर आजार होत असल्याचे दिसले नाही. मानवाचे निकटचे आप्त असलेल्या आफ्रिकेतील चिंपँझी व गोरिला या कपींची स्थिती वेगळी आहे.

टांझानियातील गोंबे येथे १९६६ मध्ये चिंपँझींत पोलिओसदृश साथ येऊन काहींचे हातपाय लुळे पडले. त्याच सुमारास जवळपासच्या मानवी वस्तीत पोलिओ पसरला होता. निर्णायक पुरावा पुढे कोत दीव्वारमधील (आयव्हरी कोस्ट) ताई राष्ट्रीय उद्यानात मिळाला. तेथे १९९९, २००४ व २००६ मधील श्वसनरोगाच्या साथींत दगावलेल्या चिंपँझींच्या ऊतकांत मानवी श्वसन सिन्सिशियल विषाणू व मानवी मेटान्यूमोव्हायरस आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूमोकॉकस जंतूंच्या दुय्यम संसर्गामुळे हा आजार अधिकच घातक ठरला.

मानवात साध्या सर्दीवर निभावणारा विषाणूही कपींना मारक होतो. युगांडातील किबाले राष्ट्रीय उद्यानात २०१३ मध्ये ऱ्हायनोव्हायरस-सी या विषाणूने ५६ चिंपँझींच्या एका समूहातील ५ प्राणी मेले. हा विषाणू कोशिकेवरील ज्या प्रथिनास चिकटतो, त्याचा संसर्गास अनुकूल असा प्रकार तपासलेल्या सर्व चिंपँझींत आढळला. याच उद्यानातील न्गोगो समूहात २०१६-१७ मध्ये मेटान्यूमोव्हायरसाने २५ चिंपँझी दगावले. मादीच्या दोन पिलांत साधारणपणे पाच वर्षांचे अंतर असल्याने अशी हानी भरून येण्यास फार काळ लागतो.

यातील पेच असा की, हे विषाणू बहुधा कपींच्या रक्षणकर्त्यांबरोबरच रानात येतात. माणसांना सरावलेल्या समूहांजवळ संशोधक व पर्यटक जातात. पण त्यांच्या वावरामुळेच तेथे चोरट्या शिकारीला आळा बसतो, हेही ताई येथे दिसून आले आहे. त्यामुळे माणसांना तेथून हटविणे हा उपाय होऊ शकत नाही. मुखपट्टी वापरणे, बाहेरून आलेल्यास काही दिवस विलग ठेवणे, आजारी व्यक्तीस प्रवेश नाकारणे व अंतर राखणे यांवर भर दिला जातो. गोरिलांपासून किमान ७ मी. दूर राहण्याचा नियम कोव्हिडच्या साथीत रवांडात १० मी. करण्यात आला. प्रत्यक्षात युगांडातील ब्विंडी येथे ७ मी.चे अंतरही बहुतेक भेटींत राखले जात नसल्याचे निरीक्षणांत आढळले. कित्येकदा गोरिलाच पर्यटकांजवळ येतात.