चोराला नेता न येणारं तारण

गाडीचे हप्ते थकले की बँक गाडी ओढून नेते. घराचे थकले की घरावर जप्ती येते. सोनं तर कर्ज देण्याआधीच बँकेच्या तिजोरीत जाऊन बसलेलं असतं. आता सांगा, कर्ज काढून एखादी मुलगी इंजिनिअर झाली आणि तिचे हप्ते थकले, तर बँक काय उचलून नेणार? तिच्या डोक्यातलं गणित?

विद्या चोराला नेता येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण जे चोराला नेता येत नाही ते सावकारालाही जप्त करता येत नाही! शैक्षणिक कर्जाची सगळी नवलाई या एका पेचातून उगवली आहे. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 साली यावरच बोट ठेवलं होतं: माणूस गहाण ठेवता येत नाही, म्हणून त्याच्या शिक्षणावर पैसा लावायला सावकार बिचकतो.

पण मुंबईत त्याच्या 63 वर्षं आधीच एक माणूस न बिचकता पुढे आला होता. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी उभारला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. शिका, कमवा, परत करा. परत आलेल्या पैशांवर पुढचा कुणीतरी बोटीत बसेल. विहिरीतून पाणी उपसावं आणि झऱ्यांनी ती पुन्हा भरावी, तसं! सुरुवातीच्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, आणि फार पुढे जयंत नारळीकर.

बँकेकडे मात्र टाटांचं काळीज कुठून येणार? म्हणून तिच्यासाठी धीर बांधून दिला गेला. आई किंवा वडील सहकर्जदार होतात. शिवाय 2015 पासून केंद्राचा एक हमी निधी आहे: साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज बुडालं, तर बुडालेल्या रकमेचा 75 टक्के भार तो उचलतो. त्यामुळे तेवढ्या रकमेसाठी या योजनेत ना सातबारा गहाण ठेवावा लागत, ना तिसरा जामीनदार शोधत फिरावं लागत.

मला खरी भुरळ पडते ती थांबण्याची. बँक आणि थांबणार? पण इथे शिक्षण पूर्ण होईपर्यंत आणि वर साधारण एक वर्ष हप्ता नसतो. व्याजाचं घड्याळ मात्र चालू असतं, आणि त्याची चाल समजून घेण्यासारखी आहे. पैसे एकदम मिळत नाहीत. दरवर्षीची फी थेट कॉलेजच्या खात्यात जाते. समजा चार वर्षं, दरवर्षी सुरुवातीला एक लाख, व्याज 10 टक्के. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज 50 हजार, दुसऱ्यावर 40, मग 30, मग 20. एकूण 1 लाख 40 हजार. चारही लाख पहिल्याच दिवशी उचलले असते तर दोन लाख! आणि या काळात बँकांच्या आदर्श योजनेप्रमाणे व्याज सरळ असतं, चक्रवाढ नव्हे.

ते न भरलेलं व्याज शेवटी मुद्दलात मिसळतं. 5 लाख 40 हजार, दहा वर्षं: हप्ता साधारण 7,136 रुपये. तेच व्याज शिकतानाच भरत गेलात तर हप्ता उरतो 5,286. पहिल्या वर्षी ते व्याज महिन्याला अवघं 833 रुपये असतं. जमत असेल त्या घरानं हे जरूर करावं.

पण नोकरीच लागली नाही तर? आपल्या बँकेचं घड्याळ ते आपणहून विचारत नाही. मुदत संपली की सहसा हप्ता सुरू. याचं उत्तर मला ऑस्ट्रेलियात सापडतं. 1989 पासून तिथे विद्यापीठाच्या फीचं देणं प्राप्तिकराच्या यंत्रणेतून वसूल होतं, तेही कमाई ठरावीक रेषेच्या वर गेली तरच. हप्ता कमाईबरोबर चढतो आणि कमाईबरोबरच उतरतो. पगार त्या रेषेखाली घसरला, नोकरी सुटली, बाळंतपणात मुलगी घरी बसली, की हप्ता आपसूक शून्य. जप्तीचा प्रश्नच उरत नाही, कारण वसुली थेट पगाराशीच जाऊन उभी राहते आणि पगार नसेल तर तिथेच थांबते. हे आपल्याकडेही यावं असं मला फार वाटतं. विशेषतः शिक्षण संपून वर्ष उलटलं, हातात नोकरी नाही आणि बँकेचा पहिला मेसेज आला, अशी मुलं पाहिली की.