बिनतारी जाळ्याचा भौतिक स्तर : पर्यायांची पारख



घरातल्या वाय-फायविषयी आपण सहसा एकच प्रश्न विचारतो : वेग किती? खोक्यावर छापलेला आकडा आणि आतल्या खोलीत हाती लागणारा वेग यांत एवढी तफावत का, याचा उलगडा मात्र त्या आकड्यातून होत नाही. त्यासाठी भौतिक स्तराकडे वळावे लागते.

संगणकांचे संभाषण अनेक स्तरांत विभागलेले असते. पत्र कोणाचे, चित्र कसले, ते कोणत्या पत्त्यावर जायचे, ही वरच्या स्तरांची चिंता. सर्वांत खालच्या भौतिक स्तरापाशी येतात ते केवळ शून्य आणि एक हे अंक, म्हणजेच बिट. त्यांना लहरींचे रूप द्यायचे आणि पलीकडे त्या लहरींतून ते पुन्हा ओळखून काढायचे, एवढेच त्याचे काम. हे काम करण्याच्या रीती मात्र अनेक आहेत.

1997 साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने 802.11 हे मानक प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात तीन रीतींना एकदम मान्यता मिळाली. पहिली अवरक्त प्रकाशाची. ती भिंतीपाशीच थांबते. दुसरी रेडिओलहरींची वारंवारता ठरावीक क्रमाने सतत बदलत राहण्याची, म्हणजे एका जागी गोंगाट असला तर पुढच्या उडीत त्यातून सुटका. तिसरीत प्रत्येक बिटाच्या जागी अकरा तुकड्यांची ठरलेली आकृती पाठवतात. एखाददुसरा तुकडा बिघडला तरी उरलेल्यांवरून मूळ बिट ओळखता येतो. तिन्हींचा वेग सेकंदाला 1 किंवा 2 मेगाबिट. मानक एक आणि बोली तीन, असा हा प्रकार होता. एका रीतीचे यंत्र घेतलेल्या माणसाला दुसऱ्या रीतीच्या यंत्राशी बोलता येत नसे, आणि तरीही दोन्ही यंत्रे मानकाला धरूनच असत. निवड लांबणीवर पडली की तिचा भार असा ग्राहकावर येतो.

मग पारख करायची कशी? दोन यंत्रे एका खोलीत ठेवून पाहावीत, हे सोपे वाटते. पण दार उघडले, कोणी उठून चालू लागले, स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह सुरू झाला, की लहरींची वाट बदलते. दोन्ही यंत्रांना अगदी तीच हवा कधीच लाभत नाही. म्हणून अभियंते संगणकावर सिम्युलेशन करतात. संगणक यादृच्छिक बिट तयार करतो, निवडलेल्या रीतीने त्यांची लहर रचतो, तिच्यात भिंतीने येणारी क्षीणता, प्रतिध्वनी आणि गोंगाट मिसळतो, आणि शेवटी पलीकडे किती बिट चुकीचे पोचले ते मोजतो. खरा लाभ असा की तोच गोंगाट, अंकाअंकाने तसाच, दुसऱ्या रीतीलाही देता येतो. प्रत्यक्ष खोलीत हे शक्य नाही.

इथे धीर लागतो. लाखात एक बिट चुकतो का, हे पाहायचे तर लाखभर बिट पाठवून भागत नाही. तेवढ्यात आढळलेली एकुलती एक चूक निव्वळ योगायोगाचीही असू शकते. शंभरएक चुका हाती याव्यात म्हणून सुमारे एक कोटी बिट पाठवावे लागतात. शिवाय बिट एकेकटे जात नाहीत, ते पाकिटांतून जातात, आणि पाकिटातला एक बिट बिघडला तरी सबंध पाकीट पुन्हा पाठवावे लागते. 8,000 बिटांचे पाकीट धरले, तर लाखात एक चूक असताना शंभरांपैकी सात-आठ पाकिटे वाया जातात. दहा हजारांत एक झाली की निम्म्याहून अधिक. कागदावर क्षुल्लक दिसणारा फरक घरात असा जाणवतो.

निकाल फिरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे प्रतिध्वनी. नुसता गोंगाट धरून केलेल्या चाचणीत जी रीत सरस ठरते, ती प्रतिध्वनी मिसळताच मागे पडू शकते. घुमणाऱ्या सभामंडपात भरभर बोलणाऱ्याचे शब्द एकमेकांत मिसळतात. 1999 च्या 802.11ए या पुरवणीने यावर उपाय स्वीकारला तो असा : एका घाईच्या लहरीऐवजी 52 संथ उपलहरी एकाच वेळी चालवायच्या. त्यांतल्या 48 माहिती वाहतात, 4 दिशादर्शनासाठी असतात. प्रत्येक संकेत 4 मायक्रोसेकंदांचा, आणि त्यातले 0.8 मायक्रोसेकंद प्रतिध्वनी विरण्यासाठी राखलेले. एवढ्या वेळात लहर सुमारे 240 मीटर जाते. घरातले प्रतिध्वनी त्याच्या खूपच आत संपतात. किंमतही उघड आहे : वेळेचा पाचवा हिस्सा नव्या माहितीविना जातो. सिम्युलेशनमध्ये ही किंमत आणि तिचा मोबदला शेजारी मांडता येतात.

याच मानकात सेकंदाला 6 पासून 54 मेगाबिटपर्यंत आठ वेग आहेत. यंत्राला किती क्षीण संदेश कळलाच पाहिजे, याची मर्यादाही त्यात ठरवून दिली आहे. त्यानुसार 54 च्या वेगाला 6 च्या तुलनेत सुमारे पन्नासपट बलवान संदेश लागतो. वेग नऊपट, पण बळ पन्नासपट. मोकळ्या मैदानात धरले तरी पल्ला सातव्या हिश्श्यावर येतो. मधे जुन्या वाड्याची हातभर जाडीची भिंत असेल तर विचारायलाच नको. म्हणून यंत्र जवळ असताना वरचा वेग घेते आणि दूर गेल्यावर स्वतःहून खाली उतरते. खोक्यावर छापलेला असतो तो वरचा आकडा.

सिम्युलेशनलाही मर्यादा आहे. त्यात घातलेली भिंत ही माणसाने अंदाजलेली भिंत असते. खऱ्या इमारतींत मोजमाप करून तो अंदाज तपासला नाही, तर नेटका आलेखही दिशाभूल करतो. तेव्हा अमुक तंत्र श्रेष्ठ असे कोणी सांगितले, की तीन गोष्टी विचाराव्यात : दोघांना समान शक्ती आणि समान पट्टा दिला होता का, प्रतिध्वनी धरले होते का, आणि चुका बिटांत मोजल्या की पाकिटांत. उत्तरे मिळाली, तर ती तुलना आपल्या घराला कितपत लागू पडते, हे आपले आपल्याला ठरवता येते.