विश्लेषण : भिंतीवरचे जुने पोस्टर खराब का होते? ते न चिकटवता कसे लावावे?

चिकटपट्टी, डबल टेप आणि चारही कोपऱ्यांत ठोकलेल्या टाचण्या पोस्टर टिकवत नाहीत, उलट त्याचे आयुष्य कमी करतात. वऱ्हाडातले ऊन, कूलरची हवा आणि पावसाळी ओल यांत कागद सांभाळायचा कसा?

तिवसा : दिवाळीच्या रंगरंगोटीला सुरुवात झाली की भिंतीवरची पोस्टरे, तसबिरी आणि कॅलेंडरे खाली उतरतात. नेमक्या त्याच वेळी कोणाच्या तरी हातात पोस्टरचा फाटका कोपरा येतो आणि उरलेला तुकडा भिंतीलाच चिकटून राहतो. पोस्टर यंदाच्या क्रिकेट संघाचे असेल तर दुसरे विकत आणता येते. पण ते भजन मंडळाच्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाचे असेल, तर दुसरे मिळण्याची शक्यता जवळजवळ नसते.

तिवसा तालुक्यात असा कागद अनेक घरांत सापडू शकतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम याच तालुक्यात मोझरीला आहे. महाराजांचा जन्म १९०९ चा आणि निर्वाण १९६८ चे. त्यांच्या हयातीतले एखादे पत्रक, पोस्टर किंवा छापील चित्र घरात असेल, तर त्याचे वय आज साठीच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूरही याच तालुक्यातले. तिथल्या यात्रा-उत्सवांची जुनी छापील पत्रकेही अशीच जपण्याजोगी.

एका पोस्टरचे मोल किती?

याचे उत्तर मराठी सिनेमाच्या इतिहासात मिळते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर चित्रपट दिग्दर्शित करत आणि पोस्टरही स्वतः रंगवत. त्यांच्या १९२४ मधल्या ‘कल्याण खजिना’ या मूकपटाचे पोस्टर भारतातल्या उपलब्ध चित्रमय सिनेपोस्टरांपैकी सर्वांत जुने मानले जाते. त्या काळातल्या बहुतांश मूकपटांची रिळे नष्ट झाली आहेत. अनेक चित्रपटांबाबत पोस्टर, पुस्तिका किंवा छायाचित्र एवढाच पुरावा मागे राहिला. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय रिळांबरोबर पोस्टरेही जपते, ते यासाठीच.

पोस्टर छापताना ते चार-आठ दिवस टिकावे एवढीच अपेक्षा असते. त्यामुळे कागद स्वस्त असतो आणि प्रती फेकून दिल्या जातात. म्हणूनच चुकून उरलेली एखादी प्रत पुढे मौल्यवान ठरते. गावातल्या मंडळाचे, शाळेचे, सहकारी संस्थेचे जुने पोस्टर हीही अशीच उरलेली प्रत असते.

चिकटपट्टीने नेमके काय होते?

स्वस्त पोस्टरचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातला लिग्निन हा घटक उजेड आणि हवा लागली की पिवळा पडतो आणि कागदात आम्ल तयार होते. आम्लामुळे कागदाचे तंतू तुटतात आणि तो ठिसूळ होतो. वर्तमानपत्र चार दिवस उन्हात ठेवले की पिवळे पडते, त्यामागेही हेच कारण आहे.

चिकटपट्टी यात भर घालते. साध्या पारदर्शक पट्टीवरचा रबरी गोंद पहिले काही महिने ठीक वाटतो. मग तो मऊ, तेलकट होऊन कागदात झिरपतो. तिथे डाग पडतो आणि मागचे आरपार दिसू लागते. आणखी काही वर्षांनी गोंद सुकतो, वरची पट्टी आपोआप गळून पडते आणि मागे तपकिरी डाग राहतो. तो घरगुती उपायांनी निघत नाही. डबल टेपचे नुकसान आणखी जास्त, कारण तिची पकड कागदाच्या ताकदीपेक्षा मोठी असते. ओढले की कागदच फाटतो.

पोटीनसारखा मऊ, पुन्हा पुन्हा वापरता येणारा चिकट लगदाही जुन्या पोस्टरला लावू नये. त्यातला तेलकट अंश कागदात उतरतो. मैद्याच्या खळीचे दुखणे वेगळे. कसर आणि झुरळांना ती आवडते. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. पण मोरचुदातले तांबे कागदाचा ऱ्हास वाढवते. म्हणजे कीड थांबते, कागद मात्र कमजोर होत जातो.

चारही कोपरे घट्ट धरले तर काय बिघडते?

कागद हवेतली ओल शोषून थोडा पसरतो आणि कोरड्या हवेत आकसतो. ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही, पण ती सतत सुरू असते. चारही कोपरे खिळ्यांनी किंवा टेपने बांधले तर पसरलेल्या कागदाला जायला जागा उरत नाही. मग त्याला लाटा येतात. आकसताना ताण कोपऱ्यांवर येतो आणि टाचणीच्या भोकापासून चीर सुरू होते.

वऱ्हाडात हा ताण जास्त. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते. त्याच खोलीत दुपारी पाण्याचा कूलर सुरू झाला की हवा दमट होते, बंद केला की पुन्हा कोरडी. कूलरच्या समोरच्या भिंतीवरचे पोस्टर उन्हाळाभर रोज एकदा ओलसर होते आणि एकदा वाळते. पाठोपाठ पावसाळा येतो. कागदाला एकसारखी हवा सोसते. रोज बदलणारी हवा मात्र त्याला थकवते.

म्हणून पोस्टर लावण्याचा मुख्य नियम एकच : वरून धरावे, खालून मोकळे सोडावे आणि कागदाला काहीही चिकटवू नये.

न चिकटवता लावण्याच्या चार पद्धती

१. चाप : स्टेशनरीच्या दुकानातले काळे चाप सर्वांत स्वस्त. पोस्टरच्या वरच्या कडेला पुढून आणि मागून कोऱ्या जाड कागदाची पट्टी घ्यावी आणि तिच्यावर चाप लावावेत. पट्टीमुळे चापाचा दाब कागदावर उमटत नाही आणि पावसाळ्यात गंज धरला तरी त्याचा डाग पोस्टरवर उतरत नाही. मोठ्या पोस्टरला पट्टी पूर्ण रुंदीची घ्यावी, म्हणजे वजन सगळीकडे सारखे वाटले जाते. भिंतीतल्या खिळ्याला चापाचा कान अडकवला की काम झाले.

२. लाकडी दांडी : शाळेतला नकाशा आठवावा. वर-खाली दांड्या, मधे दोरी. पोस्टरसाठीही हीच रचना चालते. वरच्या कडेला दोन सपाट लाकडी पट्ट्यांमध्ये पोस्टर धरावे. पट्ट्या पोस्टरपेक्षा दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच लांब ठेवल्या तर स्क्रू कागदाबाहेर बसतात आणि पोस्टरला एकही भोक पडत नाही. मधल्या भागात चाप लावावा. लाकडाचे आम्ल कागदात उतरू नये म्हणून मधे कोऱ्या कागदाची पट्टी घालावी. खालची दांडी हलकी असावी. जुन्या, ठिसूळ कागदाला ती लावूच नये.

३. पारदर्शक पाकीट : पॉलिएस्टरच्या पारदर्शक शीटच्या पाकिटात पोस्टर सरकवावे आणि चाप किंवा भोक पाकिटाला द्यावे. पीव्हीसीचे मऊ प्लास्टिक टाळावे, ते काळानुसार चिकट होते. पाकिटाची एक बाजू उघडी ठेवावी. लॅमिनेशन मात्र करू नये. त्यातला गोंद उष्णतेने कागदात कायमचा बसतो आणि पोस्टर पुन्हा मोकळे करता येत नाही.

४. काचेची फ्रेम : जुन्या पोस्टरसाठी हीच सर्वांत सुरक्षित, पण फ्रेमवाल्याला चार गोष्टी आधी सांगाव्या लागतात. पोस्टर पुठ्ठ्यावर चिकटवू नये, कागदी कोपऱ्यांत अडकवावे. पोस्टर काचेला टेकू नये म्हणून मधे माउंट घालावा, नाहीतर ओलीने छपाई काचेला चिकटते. मागचा पुठ्ठा आम्लमुक्त असावा. आणि फ्रेममध्ये बसावे म्हणून पोस्टरच्या कडा कापू नयेत. अनेक पोस्टरांवर छापखान्याचे नाव तळाच्या कडेलाच असते. कड कापली की तो पुरावा जातो.

भिंत कोणती निवडावी?

उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांसाठी साधारण ५० लक्सचा मंद उजेड ठेवतात. थेट उन्हाचा उजेड एक लाख लक्सच्या घरात जातो. छपाईतला पिवळा आणि लालसर रंग आधी उडतो, निळा आणि काळा मागे राहतो. जुनी पोस्टरे निळसर दिसतात ती त्यामुळे. खिडकीसमोरची आणि दुपारचे ऊन येणारी भिंत म्हणून टाळावी.

ओल दुसरा शत्रू. पावसाचा मारा सोसणारी बाहेरची भिंत, मोरीला किंवा पाण्याच्या टाकीला लागून असलेली भिंत नको. रंगाचे पापुद्रे निघत असतील किंवा लोणा लागून पांढरी भुकटी पडत असेल, तर तिथे काहीही टांगू नये. नव्या प्लास्टरची भिंत पूर्ण वाळू द्यावी. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या छोट्या गोट्या लावल्या तर भिंत आणि फ्रेम यांमधून हवा खेळते.

स्वयंपाकघरातला तेलकट धूर आणि देवघरातली काजळीही कागदावर बसते. तसबिरीसमोर दिवा आणि उदबत्ती थोडी अंतरावर असावी. ताज्या फुलांचा ओला हार काचेच्या कडेला टेकला की पाणी फ्रेमच्या फटीतून आत जाते. हार फ्रेमला न टेकता वेगळ्या खिळ्याला अडकवावा आणि हळदी-कुंकू काचेवरच राहील याची काळजी घ्यावी.

चिकट पट्टीवरचे हुक गुळगुळीत ऑइलपेंटवर धरतात. चुना किंवा जुन्या डिस्टेंपरच्या भिंतीवर हात फिरवला की भुकटी लागते, तिथे ते धरत नाहीत. पट्टी भुकटीला चिकटते, भिंतीला नाही. अशा भिंतीत एकच खिळा नीट ठोकणे बरे. मातीच्या भिंतीत खिळा सैल होतो, त्यामुळे लाकडी खुंटीचा किंवा वरच्या सऱ्याचा आधार घ्यावा. भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायची परवानगी नसेल, तर खिडकीच्या गजांपासून दाराच्या चौकटीपर्यंत दोरी बांधून तिच्यावर चाप लावता येतात.

आधीच चिकटलेले पोस्टर कसे काढावे?

घाईने ओढू नये. डबल टेपने लावलेल्या नव्या पोस्टरमागे शिवणाचा मजबूत दोरा घालावा आणि करवतीसारखा मागे-पुढे सरकवत टेप मधून कापावी. थोडा रंग गेला तर तो भिंतीचा जाऊ द्यावा. भिंत पुन्हा रंगवता येते.

जुन्या पोस्टरवरची पिवळी पडलेली पट्टी घरी काढू नये. पेट्रोल, थिनर, गरम इस्त्री यांनी शाई पसरते आणि डाग आणखी आत जातो. फाटलेल्या भागाला मागून पुन्हा पट्टी लावण्याचा मोहही टाळावा. तुकडे कोऱ्या कागदाच्या पाकिटात एकत्र ठेवावेत. संवर्धक जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून ते जोडतात. ही खळ गरज पडल्यास पाण्याने सोडवता येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे. फार मोलाच्या वस्तूसाठी तिथे विचारणा करता येते.

घड्या पडलेले पोस्टर दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर सपाट फळी आणि पुस्तकांचे वजन द्यावे. काही दिवसांत घड्या बऱ्याच बसतात. पाणी शिंपडू नये.

मूळ पेटीत, प्रत भिंतीवर

वरचे सगळे केले तरी भिंतीवरचा कागद हळूहळू झिजतोच. म्हणून एकमेव प्रतीसाठी सर्वांत चांगला उपाय वेगळा आहे : मूळ पोस्टर सपाट ठेवून द्यावे आणि त्याची छापील प्रत टांगावी. त्यासाठी मोबाइल पुरतो. पोस्टर जमिनीवर सपाट ठेवावे, सावलीतल्या उजेडात, फ्लॅश बंद करून, बरोबर वरून फोटो घ्यावा. २० बाय ३० इंचांची प्रत इंचाला १५० ठिपके या दराने छापायची तर ३००० बाय ४५०० पिक्सेल, म्हणजे सुमारे एक कोटी ३५ लाख पिक्सेल लागतात. मोबाइलमध्ये फोटोचा सर्वांत मोठा आकार निवडावा आणि फाइल मेसेजवरून न पाठवता मूळ आकारातच दुकानदाराला द्यावी.

मूळ प्रत कोऱ्या कागदांमध्ये, सपाट, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून थोडी लांब ठेवावी. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, त्याचे आम्ल पोस्टरमध्ये उतरते. मागे पेन्सिलीने, हलक्या हाताने, कार्यक्रम, गाव आणि साल लिहून ठेवावे. ज्यांना ते आठवते ती माणसे घरात आहेत तोवरच ही माहिती मिळते.

थोडक्यात

* कागदाला टेप, गोंद, टाचणी नको. चाप किंवा दांडीने वरून धरावे.
* खालची कड मोकळी सोडावी.
* ऊन, ओल आणि कूलरच्या झोतासमोरची भिंत टाळावी.
* फ्रेममध्ये काच आणि पोस्टर यांत अंतर हवे, लॅमिनेशन नको.
* जुनी चिकटपट्टी घरी ओढू नये.
* एकमेव प्रत असेल तर मूळ जपावे, छापील प्रत लावावी.