भोकातला लाल दिवा

२०१६ च्या आधीचा एखादा मॅकबुक प्रो कुणाकडे असेल तर मागून आणा. त्याच्या हेडफोनच्या भोकात तळाशी इवलासा लाल दिवा दडवलेला असतो. नेहमीची पिन घातली तर आवाज विजेच्या वाटेने जातो. ऑप्टिकल केबल खुपसली की मात्र दिवा लुकलुकू लागतो आणि किशोरी आमोणकरांचा भूप चक्क उजेड होऊन बाहेर पडतो! साडेतीन मिलिमीटरच्या भोकात दोन वाटा.

हे जमतं, कारण संगणकातलं गाणं म्हणजे नुसते आकडे. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत डाव्या-उजव्या बाजूला प्रत्येकी सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसतो. ४४,१०० च का? सुरुवातीला हे आकडे व्हिडिओ टेपवर साठवत. चित्राच्या एका ओळीत ३ आकडे, एका खेपेला २४५ ओळी, सेकंदाला ६० खेपा. करा गुणाकार. युरोपातल्या टीव्हीचा हिशेब वेगळा, २९४ ओळी आणि ५० खेपा, उत्तर तेच!

मग दोन आकड्यांच्या मधली मींड कुठे जाते? कुठेच नाही. आपला कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. आकड्यांचा वेग त्याच्या दुपटीहून जास्त ठेवला, तर त्या मर्यादेतली एकच वक्ररेषा सगळ्या ठिपक्यांमधून जाऊ शकते. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाचा हा सिद्धांत मला आजही जादूच वाटतो.

आकडे सहसा बिघडत नाहीत. बिघडते ती त्यांच्यापासून घडवलेली वीज. माझा लॅपटॉप ॲम्प्लिफायरला जोडला की तानपुऱ्याच्या षड्जाखाली दुसरीच एक ‘घूं’ लागायची. चार्जर काढला की गप्प. चार्जर आणि ॲम्प्लिफायर दोघांच्या अर्थिंगमधून विजेचं वर्तुळ पुरं होत होतं. प्रोसेसरची किरकिर तर शेजारीच चाललेली असते. अशा बाजारात आकड्यांचा सूर करायचाच कशाला? ते काम बाहेरच्या डॅक नावाच्या डबीकडे द्यावं. चांगली यूएसबी डबी स्वतःच्या घड्याळाच्या ठेक्यावर लॅपटॉपकडून आकडे मागून घेते. उजेडाची वाट तर ‘घूं’ला मुळापासून तोडते, कारण प्लॅस्टिकच्या तंतूतून वीज जाऊच शकत नाही. तोशिबाने १९८३ मध्ये काढलेली ही जोडणी टॉसलिंक म्हणून ओळखली जाते. (तिच्या टोकांना सोन्याचा मुलामा देऊनही विकतात. उजेडाला सोन्याचं काय कौतुक?)

एक फुकटची दुरुस्ती बहुतेकांची राहून जाते. लॅपटॉप बऱ्याचदा सगळं ४८,००० च्या वेगावर नेतो, म्हणजे दर १४७ आकड्यांचे १६० नवे आकडे घडवतो. विंडोजमध्ये गाणी वाजवणाऱ्या ॲपला ‘एक्स्क्लुझिव्ह मोड’ दिला की ही ढवळाढवळ थांबते. फरक कानाला कळेलच असं नाही, पण खर्च शून्य.

डॅकवर पैसे घालण्याआधी एवढं करा: स्पीकर जोडून तानपुरा लावा आणि चार्जर काढून-घालून ऐका. चार्जर जोडल्यावर ‘घूं’ आली तर डॅक घ्या, यूएसबी डॅक लावूनही ती गेली नाही तर ऑप्टिकल केबलचा घ्या. नाही आली तर तेच पैसे मैफलीच्या तिकिटाला ठेवा.