विश्लेषण : एसयूव्ही उंच आहे, पण वाळूत चालेल का?

सुट्टीच्या दिवशी मुरबे, शिरगाव, केळवे या किनाऱ्यांवर ओहोटीची ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी सपाट दिसते. उंच गाडीचा मालक मोहाने चाके खाली उतरवतो. मग दोरखंड, गावातला ट्रॅक्टर आणि भरतीशी शर्यत! गाडी अशा जागी न्यावी का, हे विक्रीच्या माहितीपत्रकावरूनच बरेचसे ठरवता येते.

एसयूव्ही कशाला म्हणतात?

जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाच्या २२ टक्के उपकरासाठी निकष स्पष्ट केले होते. लांबी चार मीटरहून अधिक, इंजिन १५०० सीसीहून मोठे आणि जमिनीपासूनची उंची किमान १७० मिलिमीटर. चारही चाकांना ताकद मिळावी, अशी अट त्यात नव्हती. बाजारात तर चार मीटरच्या आतल्या गाड्याही एसयूव्ही म्हणूनच विकल्या जातात. ह्युंदाई क्रेटाची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. महिंद्राने जानेवारी २०२३ मध्ये थारचीही मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती आणली. दिसायला तीच थार, वाळूत मात्र वेगळी.

मग काय पाहायचे?

आधी फोर-व्हील ड्राइव्ह, आणि त्यासोबत लो-रेंज गिअर. हा गिअर वेग कमी करून चाकांवरचा जोर वाढवतो. गाडी रांगते, पण क्लच जळत नाही. मारुती जिम्नीच्या सर्व आवृत्त्यांत तो आहे. मारुतीच्याच ग्रँड व्हिटाराच्या ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये नाही. निसरड्या घाटासाठी व्हिटारा ठीक, रुतलेल्या चाकासाठी अपुरी.

उंचीचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसे आणि सामान भरले की ती खाली बसते. दोन चाकांमधले अंतरही महत्त्वाचे. तीन दारांच्या थारमध्ये ते २४५० मिलिमीटर, रॉक्समध्ये २८५०. अंतर जितके जास्त, तितके उंचवट्यावर पोट टेकण्याची भीती जास्त. पुढचा बंपर खाली लोंबत असेल तर खड्ड्यातून बाहेर पडताना तोच आधी तुटतो.

टायरचे काय?

वाळूत निम्मे काम टायरच करतात. रस्त्यावरची ३०-३५ पीएसआय हवा १८-२० पर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि वजन विभागले जाते. पण परतताना ती भरायला पंप हवाच. चाक जागच्या जागी फिरू लागले की ॲक्सिलरेटर सोडावा. दाबत राहिल्यास गाडी स्वतःचाच खड्डा खणते.

मुरबे येथे धोका कुठे?

उत्तर कोकणात भरती-ओहोटीतला फरक दक्षिण कोकणापेक्षा मोठा असतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तो आणखी वाढतो. ओहोटीनंतर साधारण सहा तासांत पूर्ण भरती येते; सपाट किनाऱ्यावर पाणी मागूनही वेढते. सातपाटीकडच्या खाडीच्या बाजूला गाळ असतो आणि तिथे फोर-व्हील ड्राइव्हचाही भरवसा नाही. जाळी, होड्या, सुकत घातलेली मासळी हे कोळ्यांचे कामाचे अंगण आहे. गाडी नेण्यास मनाई आहे का, हे गावात आधी विचारावे. एकट्या गाडीने तर उतरूच नये.

खारे पाणी लागलेच, तर त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी. इंजिनात पाणी शिरल्याची शंका असेल तर स्टार्टर मारू नये; त्यातून होणारे नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घ्यावे लागते.