भिंतीचा रंग, मनाचा गारवा
चेन्नईत मे महिन्यात ‘कत्तिरी’चं, म्हणजे ऐन उन्हाळ्यातलं, ऊन तापलं की घरात शिरताच डोळे गारवा शोधतात. तमिळनाडूतल्याच चेट्टिनाड भागातल्या जुन्या वाड्यांनी तो पांढऱ्या भिंतींत शोधला. चुना आणि अंड्यातला पांढरा भाग मिसळून केलेला तो गिलावा इतका घोटलेला, की तळहाताला संगमरवरासारखा लागतो.

रंगाचा मनावरही परिणाम होतो का? 2009 साली कॅनडातल्या एका अभ्यासात निळ्या पार्श्वभूमीवर कल्पक कामं, तर लाल पार्श्वभूमीवर बारकाईची कामं सरस झाली. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत मात्र तसं आढळलं नाही. म्हणून नियमापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विसंबा. निजायच्या खोलीला फिकट रंग द्या, भडक रंग एका भिंतीपुरता ठेवा. आधी भिंतीवर हातभर पट्टा रंगवून तो सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात पाहा.